अठरा महिन्यांचं वर्ष

फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका कापड कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बसले होते. माझी नोकरीच ती आहे. शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांचे अहवाल वाचायचे, आकडे उतरवून काढायचे आणि साहेबांना सांगायचं की ही कंपनी खरंच बरी आहे, की नुसतीच नटून बसली आहे. फोनवर मुलुंडहून माझा भाऊ होता. "सुलू, परबकाका गेले गं. सकाळी. चहा प्यायले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी "बरं" म्हणाले. खरंच सांगते, "बरं" म्हणाले! अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा काही नेम नाही. फोन ठेवला आणि पुन्हा समोर बघितलं, तर माझ्या डाव्या हाताचं बोट अहवालाच्या पानाच्या डोक्यावर, शीर्षकाखाली ठेवलेलं होतं. ते तिथे ठेवायला ज्याने शिकवलं तो माणूस गेला होता, आणि बोट आपलं जिथल्या तिथे.

अंधेरीहून मुलुंड पूर्वेला, आमच्या जुन्या चाळवजा इमारतीत पोचेपर्यंत खाली अंगणात बांबू आले होते. काकींना आतल्या खोलीत बायकांनी धरून बसवलं होतं. मी हार घेऊन उभी होते आणि मागे दोघे शेजारी बोलत होते. एकजण म्हणाला, "माणूस देव होता हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात." दुसरा म्हणाला, "खरं आहे. पण तेवढा एक सल्ला चुकला बघा. आगाशे मास्तरांची पार वाट लागली." पहिल्याने चक् केलं. मी ऐकलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहिले. तळमजल्यावर आगाशे मास्तरांच्या खोलीचं दार बंद होतं. खिडकी अर्धी उघडी होती आणि आत कुणीतरी उभं होतं. परबकाकांना खांद्यावरून त्या खिडकीसमोरून नेलं, तेव्हा खिडकी हलली नाही.

तो सल्ला चुकला, पण चूक परबकाकांची नव्हती. माझी होती. हे एवढं एक वाक्य लिहायला मला काका गेल्यानंतर सहा आठवडे लागले. त्याआधीची चार वर्षं वेगळीच. तुम्हा वाचकांना परबकाका ठाऊक असण्याचं कारण नाही. पेपरात फोटो यावा असं त्यांनी काही केलं नाही. पण ज्या इमारतीत ते राहिले तिथे त्यांच्या नावाला एक डाग लागला आहे, आणि तो पुसण्याचं काम माझ्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. म्हणून हा लेख. आठवणीही सांगते, पण आधी हे सांगितल्याशिवाय मला त्या आठवणींना हात लावायचा हक्क नाही.

वामन परब मूळचे मालवणकडचे, आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे. भांडुपच्या एका छापखान्यात ते प्रूफरीडर होते, चाळीस वर्षं. त्या छापखान्यात कंपन्यांचे वार्षिक अहवाल छापायला यायचे. बाकीचे लोक ते काम टाळायचे, कारण सगळा इंग्रजी मजकूर आणि मुंग्यांसारखे आकडे. काकांना मात्र त्याचा नाद लागला. इंग्रजी ते फाडफाड बोलायचे नाहीत, पण वाचायचे असे की छापलेल्या वाक्यामागे लिहिणाऱ्याची नियत काय हे त्यांना कळायचं. छापखान्यात हातात आलेलं गुपित ते कुणाला सांगत नसत, त्या बाबतीत भारी कडक. ते शीलच होतं त्यांचं. पण स्वतःच्या अभ्यासासाठी अहवाल हवेत तर काय करायचं? त्यांनी युक्ती काढली. प्रत्येक कंपनीचा फक्त एक शेअर विकत घ्यायचा. एक शेअर असला तरी तुम्ही भागधारक, आणि भागधारकाला अहवाल घरपोच पाठवणं कंपनीला भाग. पावसाळा सरता सरता ते अहवाल यायला लागायचे ते दिवाळीपर्यंत. पोस्टमन जिन्यातूनच ओरडायचा, "परबसाहेब, तुमच्या एकेका शेअरपायी माझा खांदा निखळला!" काका त्याला पाणी द्यायचे, काकी चहा द्यायच्या, आणि तो गेला की काकी म्हणायच्या, "ह्या घरात माका उभी रवाक जागा नाय." खरंच नव्हती. खाटेखाली अहवाल, कपाटावर अहवाल, देवाच्या फळीखालीसुद्धा अहवाल.

मी तेव्हा बी. कॉम. होऊन घरी बसले होते. टायपिंग झालं, शॉर्टहँड अर्धवट सोडलं, अर्ज पाठवून पाठवून पोस्टाची तिकिटं संपली. एका रविवारी काकांनी हाक मारली. "काय गो, रिकामी हस मगे? वायच वाचून दाखव." आणि हातात एका सिमेंट कंपनीचा अहवाल दिला. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली, तिथे अध्यक्षांचा सुटाबुटातला फोटो आणि त्यांचं भाषण. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, उलटा केला आणि शेवटून उघडून परत दिला. म्हणाले, "पुढची पानं म्हणजे मुलगी बघायला गेल्यावरचे कांदेपोहे. रोजचं जेवण मागच्या पानांत असतं. लहान अक्षरात." मी म्हटलं, "काका, पोहे केले कुणी हेही बघायला पाहिजे ना? ते मुलीच्या मावशीने केलेले असतात." ते एवढे हसले की काकी आतून बघायला आल्या. माझी भरती झाली ती त्या मावशीमुळे.

त्यांची पद्धत छापखान्याची होती. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं आणि लिहायचं. नुसते आकडे वाचून भागायचं नाही. पानाच्या डोक्यावरच्या शीर्षकापासून तळटिपेपर्यंत सगळं तोंडाने म्हणायचं. "फॉर द इयर एंडेड थर्टिएथ जून." "रुपीज इन लॅक्स." कंसातला आकडा आला तर "कंस सुरू, कंस पूर्ण". कारण कंसातला आकडा म्हणजे तोटा. मी वाचलं की ते म्हणायचे, "पुढे." आणि मी पुढचं वाचायची. छापखान्यातून आणलेल्या जाड कागदाच्या छाटणीची त्यांनी कार्डं कापलेली होती. एका कंपनीच्या एका वर्षाचं एक कार्ड. विक्री, नफा, कर्ज, गोदामात पडलेला माल, आणि हिशेबतपासनीसाने काय कुरकुर केली आहे ते. पाच वर्षांची कार्डं शेजारी शेजारी मांडली की कंपनी बोलायला लागायची. विक्री वाढते आहे पण गोदामातला माल त्याहून जास्त वाढतो आहे, म्हणजे कुणी घेत नाही आहे! कार्डाच्या तळाशी दोन सह्या, वाचणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. मला ते शीर्षक वाचणं अगदी जिवावर यायचं. दर पानावर तेच ते, आरतीतल्या ध्रुवपदासारखं. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाले, "ध्रुवपद चुकलं की आरती कोणाची हेच कळत नाही गो."

वर्षातून एकदोनदा ते एखाद्या कंपनीच्या वार्षिक सभेला जायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. बरेच भागधारक तिथे खाऊच्या खोक्यासाठी यायचे, काका एका प्रश्नासाठी. एकदा मी बरोबर होते. त्यांनी उठून कुठल्याशा तळटिपेबद्दल विचारलं, तर व्यासपीठावरचे साहेब हसत म्हणाले, "आपल्याकडे एकच शेअर दिसतो." काका म्हणाले, "शेअर एक आहे साहेब, पण डोळे दोन आहेत." सभागृह हसलं. उत्तर काही मिळालं नाही, पण पुढच्या वर्षीच्या अहवालात ती तळटीप दोन ओळींनी लांबली. काकांनी ते मला बोटाने दाखवलं आणि दिवसभर गुणगुणत होते.

तळमजल्यावरचे आगाशे मास्तर काकांचे जिवलग. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. दोघांची जोडी रोज संध्याकाळी खाडीकडे फिरायला जायची, एकाच्या हातात छत्री, दुसऱ्याच्या हातात पेपर. मास्तर म्हणायचे, "मी पोरांना अख्खा भारत फळ्यावर काढून दाखवला, आणि स्वतः नाशिकच्या पलीकडे गेलो नाही. निवृत्त झालो की आमच्या हिला घेऊन निघणार. कन्याकुमारीला पहिलं. तीन समुद्र एका जागी, बघायला नकोत का?" मास्तरीणबाई म्हणायच्या, "आधी मला ठाण्याला तरी न्या." निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा मास्तरांनी ठरवलं, मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर फिरायचं. त्या काळात कंपन्या पेपरात जाहिराती देऊन लोकांकडून मुदत ठेवी घ्यायच्या, बँकेपेक्षा चढं व्याज देऊन. रंग तयार करणाऱ्या एका कंपनीची जाहिरात मास्तरांना आवडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती आता उरलेली नाही. मास्तर जाहिरातीचं कात्रण घेऊन वर आले आणि म्हणाले, "वामन, तू हो म्हणालास तर ठेवतो. नाही म्हणालास तर पोस्टात टाकतो. शनिवारपर्यंत सांग. तुझ्या शब्दाबाहेर नाही."

आता नशीब कसं फिरतं बघा. त्याच आठवड्यात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा आधीच अधू, आणि सहा आठवडे वाचन बंद. रंग कंपनीचा अहवाल आलेला होता, पण त्याचं कार्ड व्हायचं होतं. काका खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "सुलू, मोठ्यान वाच, मी ऐकतंय." मी म्हटलं, "काका, तुम्ही पडून राहा, मी घरी करून आणते आणि मग वाचून दाखवते." कारण मला घाई होती. दोन दिवसांनी फोर्टमध्ये माझी मुलाखत होती, अहवालांच्या अभ्यासाचीच नोकरी, पहिली खरीखुरी नोकरी. तिथे दाखवायला मला दहा कार्डं हवी होती आणि आठच झाली होती. मी घरी बसले, एका बाजूला इस्त्रीला काढलेली साडी, दुसऱ्या बाजूला अहवाल, आणि आकडे भराभर उतरवले. तोंडाने एक अक्षर म्हटलं नाही. विक्री गेल्या वर्षीपेक्षा चांगली वाढलेली. नफा वाढलेला. झकास कंपनी! पानाच्या डोक्यावर काय लिहिलं होतं ते मी बघितलं असेल, पण वाचलं नाही. तिथे "इयर एंडेड" नव्हतं. तिथे लिहिलं होतं, "फॉर द पीरियड ऑफ एटीन मन्थ्स." कंपनीने आपलं हिशेबाचं वर्ष लांबवून अठरा महिन्यांचं केलं होतं. वाईट दिवस आले की काही कंपन्या असं करायच्या, परवानगी काढून, कायद्यात बसवून. म्हणजे दीड वर्षाची विक्री मी एका वर्षाची म्हणून मांडली. कुणी दीड वर्षाचं पीक एका वर्षाचं म्हणून सांगितलं तर जमीन सोन्याचीच वाटणार. महिन्यावारी भागून बघितलं असतं तर विक्री घसरली होती आणि नफ्याचा नुसता पापुद्रा राहिला होता.

मी कार्ड घेऊन काकांकडे गेले आणि वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "शीर्षक वाचलंस?" मी म्हणाले, "हो काका." "काय लिहिलंय?" "नेहमीचंच. इयर एंडेड." त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना गो?" मी म्हणाले, "काका, मी काय आज वाचते आहे का!" असं फणकाऱ्याने. मग त्यांनी हात पुढे केला. पेन मीच त्यांच्या बोटांत दिलं, आणि कार्डावर सही कुठे करायची ती जागाही मीच त्यांचा हात धरून दाखवली. सही वाकडी आली. संध्याकाळी त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "ठेवा. कंपनी बरी आहे." मास्तरांनी शनिवारी पैसे भरले. मला सोमवारी नोकरी मिळाली. मुलाखतीत त्यांनी माझी कार्डं हातात धरून फार कौतुक केलं, आणि त्यात रंग कंपनीचंही कार्ड होतं.

पहिलं व्याज वेळेवर आलं. मास्तर आणि बाई ठाण्याला नव्हे, थेट नाशिकला जाऊन आले आणि आम्हाला चिवडा आणला. दुसरं व्याज उशिरा आलं. तिसऱ्याचा चेक बँकेतून परत आला. मास्तर आणि काका दोघे कंपनीच्या ऑफिसात गेले, तर दाराला कुलूप आणि बाहेर शंभर माणसं उभी. त्या संध्याकाळी मी कामावरून येते तो काकांनी मला वर बोलावलं. नवा जाड चष्मा लागला होता, त्यातून त्यांचे डोळे फार मोठे दिसायचे. समोर तो अहवाल होता. त्यांनी तो शेवटून उघडला, हिशेबाच्या पानावर आले, आणि शीर्षकाखाली बोट ठेवलं. मी वाचलं. मी खाटेच्या कडेवर बसले. "काका, मी..." "गप," ते म्हणाले. "कार्डावर सही कोणाची आहे?" "पण तुम्हाला दिसत नव्हतं! मी सांगितलं म्हणून..." "प्रुफावर शेवटची सही ज्याची, चूक त्याची. छापखान्यात चाळीस वर्षं हाच नियम. न बघता सही केली मी. तू तोंड उघडू नकोस. नवी नोकरी आसा तुझी." आणि मी तोंड उघडलं नाही. सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट ही की त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा वाटलं.

काका त्याच पावली खाली गेले. मी जिन्याच्या वळणावर उभी राहून ऐकलं. "मास्तर, माझ्याकडून वाचायचं राहिलं. वर्ष अठरा महिन्यांचं होतं." दार लागल्याचा आवाज आला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं हो. शिव्या दिल्या असत्या, मग चार महिन्यांनी पुन्हा खाडीवर गेले असते. तसं काहीच झालं नाही. मास्तरांनी बोलणं बंद केलं, एवढंच. इमारतीत कुजबुज सुरू झाली. एक शेअर घेऊन मोठा शहाणा बनायला गेला, कुणी म्हणालं. कंपनीकडून काही मिळालं असेल, असंही कुणी म्हणालं, जिभेला काय हाड असतं का? आगाशे मास्तर पुन्हा शिकवण्या घ्यायला लागले. दोन वर्षांनी बाई गेल्या. कन्याकुमारी राहिलीच. त्या दिवशी काका अंगणात फाटकापाशी उभे होते, सगळे येऊन जाईपर्यंत. मास्तर त्यांच्या समोरून गेले आणि भिंतीकडे बघत गेले. मी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी बोलले नाही. तोवर बोलणं आणखीच अवघड झालं होतं. आधी नोकरीची भीती होती, मग नोकरी पक्की झाली आणि भीती तशीच राहिली, तिला कारणच लागेना. खाई त्याला खवखवे म्हणतात. पुढे मी अंधेरीला राहायला गेले आणि मुलुंडला जाणं कमी केलं. अंधेरीहून लांब पडतं, असं सगळ्यांना सांगायची.

काकांना शेवटचं भेटले ती गेल्या गणपतीत. त्यांनी कुणालाही सल्ला द्यायचं कधीच सोडलं होतं, पण कार्डं करत होते. एकटेच मोठ्याने वाचायचे, एकटेच लिहायचे, आणि दोन्ही सह्या स्वतःच करायचे. मला म्हणाले, "मोठ्यान वाचतंस ना गो?" मी म्हटलं, "काका, ऑफिसात मोठ्याने वाचलं तर लोक वेड्यात काढतील." ते हसले. म्हणाले, "मग मनात मोठ्यान वाच." तेवढ्यात खालून मास्तरांचा आवाज आला, शिकवणी चालली होती, नद्यांची नावं. काकांनी हात वर करून मला थांबवलं आणि ऐकत राहिले... गोदावरी, भीमा, कृष्णा, तुंगभद्रा... मास्तर कावेरीपर्यंत पोचले आणि थांबले, तेव्हा काकांनी हात खाली घेतला. "रोज ऐकतंय," ते म्हणाले. "आवाज अजून खणखणीत आसा." मी उठले आणि घाईघाईने चप्पल घातली. निघताना त्यांच्या पाया पडायचंही राहून गेलं.

ते गेल्यापासून माझं काही खरं नाही. दुपारी ऑफिसात सगळे जेवायला जातात, खोली रिकामी होते, मी एखाद्या पानावर शीर्षकाखाली बोट ठेवते, मनात वाचते, आणि पाठीमागून अगदी स्पष्ट आवाज येतो, "पुढे." मी वळून बघत नाही. पहिल्या दिवशी बघितलं होतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण भूत असलंच तर ते माणसाच्या हातून चुकलेल्या कामातच राहत असणार. तिकडे मुलुंडला काकांच्या नावाने अहवाल येतच आहेत. श्री. वामन परब, एक शेअर. मेलेल्या माणसाला कंपन्या नफा कळवत राहतात. काकी एकेक पाकीट न फोडता खाटेवर ठेवतात, काकांची उशी होती तिथे. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ढीग उशीइतकाच उंच झाला होता. मला ते बघवेना. मी काकींसमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं, इस्त्रीच्या साडीपासून हात धरून करवलेल्या सहीपर्यंत. काकी ऐकत होत्या. मला वाटलं, रडतील, नाहीतर मला हाकलून देतील, दोन्ही चाललं असतं. त्यांनी डोळ्यांना लावलेला पदर काढला आणि म्हणाल्या, "माका कित्याक सांगतंस? जेका सांगूक व्हया, तेका सांग." आणि बोट खाली केलं, जमिनीकडे. खाली मास्तरांची खोली.

मी गेले. मास्तर आरामखुर्चीत होते, भिंतीवर भारताचा तोच जुना नकाशा. "सुलभा? बस," म्हणाले. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, शाळेत चूक कबूल करायला उभं राहावं तसं. बाई गेल्या तिथपर्यंत सगळं. माझं संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "वामनला माहीत होतं?" मी म्हणाले, "पहिल्या दिवसापासून." मास्तर म्हणाले, "रोज जिन्यात समोर यायचा तो. रोज. मी भिंतीकडे तोंड करायचो. तो थांबायचा गं... दोन पायऱ्या वर थांबायचा, मी आत जाईपर्यंत. मला वाटायचं, माफी मागायला थांबतो आहे. आणि मी ठरवलं होतं, मागू दे, एकदा तोंडाने मागू दे, मग बघू. चार वर्षं मी त्याच्या तोंडून माफी निघायची वाट बघितली. आता सांग, तो कशासाठी थांबत होता?" मी म्हणाले, "मास्तर, मला क्षमा करा." ते म्हणाले, "पैशाचं म्हणतेस? पैसे त्या कंपनीने नेले. ते तू नेले नाहीस. ते मी तुला सोडले." मग माझ्याकडे सरळ बघून, जराही आवाज न चढवता म्हणाले, "तू माझा मित्र नेलास. आणि तो जिवंत होता गं, सुलभा. एक जिना वर होता."

मी रडत होते. त्यांनी मला थांबवलं नाही, जा म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत. उठले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला, काठी घेतली आणि दार उघडून जिना चढायला लागले. गुडघे दुखतात त्यांचे. प्रत्येक पायरीवर दोन पाय टेकवत चढत होते. मी मागे, दोन पायऱ्या सोडून. धरायला हात पुढे केला तर त्यांनी काठीनेच नको म्हणून खूण केली. वरच्या दारापाशी पोचले आणि उभे राहिले. दार उघडंच होतं. आत खाट, खाटेवर उशीच्या जागी पाकिटांचा ढीग, भिंतीला टेकून काकी तांदूळ निवडत बसलेल्या. मास्तरांनी उंबऱ्याबाहेरून, संध्याकाळी फिरायला न्यायला आलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं, "वामन आहे का?"

काकींच्या हातातलं सूप थांबलं. त्यांनी वर बघितलं, मास्तरांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाटेवरची पाकिटं एका बाजूला सरकवून जागा केली.

"आसत," काकी म्हणाल्या. "येवा, बसा."

मास्तर आत गेले. मला कुणी बोलावलं नाही, आणि मी जिन्यातच उभी राहिले.